लिंबाजीची वाघर

लिंबाजी ईमेल बोटांनी मोजायचा. दोन-दोन करून. दोन बोटं स्क्रीनवर टेकवायची, उचलायची, पुन्हा जरा खाली टेकवायची, आणि ओठ हलत राहायचे. कोपऱ्यात कॉम्प्युटर स्वतःच आकडा दाखवत असतो, हे मी त्याला मोठ्या रुबाबात दाखवून दिलं, तर म्हणाला, "मामा, त्यो आकडा कॉम्प्युटरला ठाऊक झाला. मला ठाऊक व्हायला मलाच मोजावं लागंल."

मेंढरं अशीच मोजतात. दिवस कलला की जाळीचं कुंपण उभं करायचं, त्याला वाघर म्हणतात, आणि तिच्या तोंडाशी उभं राहून जोडीजोडीनं कळप आत घ्यायचा. लिंबाजीचा बाप, आजा, चुलते सगळे साखऱ्याकडच्या माळावर हेच करत आले. लिंबाजीनं तंत्रनिकेतन केलं, पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत बारा वर्षं काढली, आणि चाळिशी जवळ आल्यावर परत येऊन शाळांच्या, पतसंस्थांच्या, हळदीच्या अडत्यांच्या ईमेल वळायचा धंदा काढला. धंद्याचं नाव ठेवलं 'वाघर'.

त्याला जाऊन आता वर्ष होईल. धंदा त्याची बायको कविता चालवते, आणि चांगला चालवते. फाट्यावर उतरून कोणी "मेलवाले कुठं बसतात?" विचारलं की मी अजून जिन्याकडं बोट करतो. माणूस वर चढून जातो आणि मी उगाच त्या जिन्याकडं बघत बसतो.

वारंगा फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. इथं जो उतरतो तो दुसरीकडं जायला उतरतो. चहा, भजी, लघवी आणि पुढची गाडी. मुक्कामाला म्हणून उतरलेला मी पाहिलेला पहिला माणूस लिंबाजी. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्यावर काळं घोंगडं. माझ्या दुकानावरची खोली बघितली, खिडकी उघडली, बंद केली.

"धंदा काय करणार?" मी विचारलं.

"मेल वळनार."

"कुणाकडं?"

"ज्येच्या त्येच्या जागेला. लोकांच्या मेला लई भटकून राहिल्यात, मामा."

मला वाटलं, पुण्यात डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. पण माणूस स्वच्छ होता आणि आवाज खालचा होता, म्हणून खोली दिली. त्यानं खुर्चीवर घोंगडं पसरलं, चपला दाराबाहेर काढल्या आणि कामाला बसला. नंतर कधीही, गिऱ्हाईक कितीही मोठं असो, चपला बाहेरच काढाव्या लागत. हिंगोलीचे एक अडते बूट काढताना पाऊण मिनिट भिंतीला धरून उभे राहिले होते, ते दृश्य मी खालून जिन्यातून मनसोक्त पाहिलं.

याच अडत्यांनी त्याला विचारलं होतं, "महिन्याच्या महिन्याला पैसे द्यायचे ठीक आहे. पण वस्तू कुठाय? पोतं न्हाई, डबा न्हाई. माझ्याच मेल मलाच दाखवणार, आन् वरून पैसे?"

लिंबाजी म्हणाला, "शेठ, तुमी मेंढरं राखायला मानूस ठेवला तर मेंढरं कोनाची ऱ्हातात?"

"माझीच."

"मंग."

अडत्यांनी थोडा विचार केला आणि बूट घालताना भिंत धरायचंही विसरले. लिंबाजीची अट एकच असायची. कधीही बंद करा, कारण सांगू नका, पण फोन करून सांगा. न सांगता गेलेलं गिऱ्हाईक त्याला फार लागायचं. दोन दिवस जेवण जायचं नाही. पैशासाठी नव्हे, हरवलेल्या जनावरासारखं त्याला तो शोधत बसायचा.

आणि गंमत बघा. या माणसाच्या स्वतःच्या ईमेलमध्ये नऊ हजारांवर मेल न उघडता पडलेल्या. मी ते पाहिलं तेव्हा इतका आनंद झाला की दुकान सोडून दोन टपऱ्यांवर सांगून आलो. लिंबाजीला त्याचं काही नाही. "मला कोन काय धाडनार? ज्येला काम हाय त्यो खालून हाक मारतंय."

त्याचं नाव झालं ते मात्र शाळांमुळं, आणि त्यातही जाधव सरांमुळं. जाधव सर सेनगावच्या पलीकडच्या एका गावचे मुख्याध्यापक. जाडजूड, घामेजलेले, प्रेमळ. त्यांची शाळा वरच्या ऑफिसांच्या मेलनं पार वाकली होती. नळ किती, झाडं किती, जगलेली झाडं किती, योगासनाचे फोटो, फोटो पाठवल्याचा अहवाल. आणि प्रत्येकीच्या विषयात आधी दोन शब्द : अति तात्काळ. काहींत सर्वोच्च प्राधान्य. एका मेलमध्ये तर माहिती कालपर्यंत मागितली होती.

"लेकरं शिकवू का झाडं मोजू?" सर म्हणायचे.

लिंबाजी त्यांच्या शाळेत एक अख्खा दिवस नुसता बसून राहिला. मेल येताना बघत राहिला, सर धावताना बघत राहिला. आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माझा बाप काय सांगायचा ठाऊक हाय का, मामा? जे मेंढरू लई ओरडतंय, त्येला काय झालेलं नसतंय. जे गप हुभं हाय, त्येच्याकडं आधी बघ."

मग त्यानं सॉफ्टवेअर तसं लिहिलं. ज्या मेलच्या विषयात तात्काळ, अति तात्काळ, प्राधान्य असला आरडाओरडा असेल, ती आपोआप बाजूच्या एका कप्प्यात. कप्प्याचं नाव 'कल्ला'. तो संध्याकाळी एकदा उघडायचा. ज्या गप येतील त्या वर. कोणत्याही मेलचं पोट त्यानं कधी उघडलं नाही. पाठवणारा कोण आणि विषय काय, एवढंच वाघर बघणार. आतलं वाचायचं नाही, ते लोकांचं घर आहे, असं त्यानं प्रत्येकाला शब्द दिला होता, आणि तो शब्द तो पाळायचा.

काय सांगू तुम्हाला! जाधव सर दुपारी जेवायला लागले. कल्ल्यातल्या शंभर मेलपैकी नव्वदांना उत्तर दिलं नाही तरी कोणी विचारत नाही, हा शोध त्यांनी लावला आणि तो तालुकाभर पसरला. पुढच्या सहा महिन्यांत लिंबाजीकडं एवढ्या शाळा आल्या की कविताताईनं फोन घ्यायला सुरुवात केली. मुख्याध्यापक मंडळी फाट्यावर उतरली की जिना चढून त्याला नमस्कार करून जात. बापाचं ते वाक्य मीच भिंतीवर लावायला मोठ्या अक्षरात छापून दिलं होतं. फुकट.

आता शीतल मॅडमचं सांगतो. इथं मला मजा करता येणार नाही.

शीतल मॅडम जाधव सरांच्या शाळेत शिकवायच्या. नवरा कोकणात शिक्षक, सासूही तिथंच, आणि चौथीतली मुलगी तिथंच. मॅडम इथं एकट्या, एका खोलीत. आंतरजिल्हा बदलीसाठी सहा वर्षं अर्ज. रोज मधल्या सुट्टीत त्या ऑफिसात डोकावायच्या : "सर, बदलीची काही मेल?" सर रोज मान हलवायचे. वाघर आली तेव्हा सरच म्हणाले, "मॅडम, आता रोज यायची तकलीफ घेऊ नका. आली तर सगळ्यात वर दिसंल." आणि मॅडमनी विचारणं सोडलं.

मेल आली. मंगळवारी सकाळी. उद्या अकरा वाजता मूळ कागदपत्रांसह पडताळणीला हजर राहावे, गैरहजर राहिल्यास अर्ज रद्द समजण्यात येईल. विषयाच्या आधी तेच दोन शब्द होते. त्या दिवशी गावात एक मयत होती, सर तिकडं गेले, संध्याकाळचा कल्ला राहिला. बुधवारी तो उघडला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

सर भले माणूस. त्यांनी मॅडमना सांगितलं की दोन दिवस नेट नव्हतं. मॅडमनी विश्वास ठेवला, कारण आमच्याकडं नेट नसणं ही कुणाचीच चूक नसते. मग सरांनी लिंबाजीला फोन केला, आवाज अगदी खाली आणून : "काळजी करू नका. मी सांभाळून घेतलंय. तुमचं नाव कुठं आलं न्हाई."

लिंबाजी खाली आला आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसला. मला सगळं सांगितलं. मी काय म्हणालो, तेही सांगतो, कारण आता लपवून काय करायचं.

मी म्हणालो, "मग झालं की. गप बस. चूक तुझी न्हाई, सरांनी संध्याकाळी उघडायला पायजे होतं. आन् त्या बाईला सांगून तिची बदली होनार हाय का? तुझा धंदा तेवढा बसंल."

झेरॉक्स मशीन चालू होतं, त्यातून कोणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती पडत होत्या.

"सहा वर्सं ती बाई रोज इचारत होती, मामा," तो म्हणाला. "रोज. माझ्या भरवशावर तिनं इचारनं सोडलं. त्या दिशी इचारलं असतं तर?"

मी सातबाऱ्याच्या प्रती गोळा करून टाचायला लागलो.

शनिवारी दुपारी आम्ही माझ्या मोटारसायकलवरून निघालो, हिंगोली, सेनगाव करत. मॅडम खोलीत वह्या तपासत होत्या. आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं. लिंबाजी खाली बसला आणि सरळ सांगितलं. प्रस्तावना नाही, सरांचं नाव नाही.

"नेट व्हतं, मॅडम. मेल माझ्या सॉफ्टवेअरनं मागं टाकली. मी तसं लिवलं व्हतं म्हनून टाकली. चूक माजी हाय."

मॅडमनी लाल पेनचं टोपण लावलं.

"कुठं होती ती? दाखवा."

जाधव सरांना फोन करून त्यानं त्यांच्याकडून कल्ल्याच्या यादीचा फोटो आणि ती मेल मागवली आणि मोबाईल मॅडमपुढं धरला. ती कल्ल्यात एकेचाळिसावी होती. मॅडमनी ती पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचली. मग परत वर गेल्या.

"लिंबाजीभाऊ, यात कल्ला कुठं आहे? यात माझं नाव आहे."

त्यानं मान खाली घातली. आतलं वाचायचं नाही हा त्याचा शब्द, त्याची सगळ्यात चांगली सवय, आणि नाव आतच होतं.

"तुम्ही आता जा," मॅडम म्हणाल्या. "सात वाजता मुलीचा फोन येतो. तिला काय सांगायचं ते मला ठरवायचंय."

सोमवारपासून लिंबाजी मॅडमबरोबर ऑफिसांचे जिने चढायला लागला. तीन आठवडे. सोबत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज होता : शिक्षिका निर्दोष आहेत, सूचना त्यांच्यापर्यंत माझ्या चुकीमुळं पोचली नाही, दोष माझा धरावा आणि त्यांना संधी द्यावी. खाली सही, पत्ता, मोबाईल. एका ऑफिसातला बाबू तो कागद दोनदा वाचून म्हणाला, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

"माझ्याइरुद्ध."

"आणि करताय कोण?"

"मीच."

बाबूनं शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मिळून विचार केला. कागद तक्रारींच्या फाइलीत बसेना, विनंतीच्या बसेना, खुलाशाच्याही बसेना. शेवटी त्यांनी अगदी आदरानं तो त्याला परत दिला. एरवी हा किस्सा मी किती रंगवून सांगितला असता. लिंबाजीनं सांगितला तेव्हा त्याचा चेहरा बघून मी हसलो नाही.

बदली झाली नाही. फेरी संपली होती. पुढची कधी, कोणाला ठाऊक नव्हतं.

मग त्यानं सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र पाठवलं. काय झालं, कसं झालं, कोणामुळं झालं. मॅडमचं नाव सोडून सगळं. त्या महिन्यात वाघरीतली जवळजवळ निम्मी गिऱ्हाइकं गेली. सांगून गेली, फोन करून, अटीप्रमाणं. काही तर फोनवर रडली. अडत्यांनी मात्र पाय रोवले. "चूक सांगनारा मानूस मी बाजारात पयल्यांदा बघितला," ते मला म्हणाले. "ह्येला सोडून मी जाऊ कुठं?"

कल्ला त्यानं काढून टाकला. भिंतीवरचा माझा कागदही उतरवला. म्हणाला, "बापाचं खरं व्हतं, मामा. मेंढरांपुरतं."

महिनाभर तो नुसता बसून होता. मग एक दिवस वरून फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला, आणि तो थांबेचना. उरलेल्या एकेका गिऱ्हाइकाला फोन लावून तो एकच प्रश्न विचारत होता : "तुमच्याकडं कोन कशाची वाट बघून राहिलंय?"

लोकांना आधी प्रश्नच कळेना. मग कळायला लागला. एक शिपाई पेन्शनच्या कागदाची वाट बघत होता. एका बाईंना नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायची होती. पतसंस्थेतले एक म्हातारे सभासद परदेशातल्या मुलाच्या उत्तराची वाट बघत होते. मुलगा फक्त मेल करायचा, आणि तीही क्वचित. लिंबाजीनं यादी केली. ज्यानं त्यानं परवानगी दिली तेवढीच नावं. मग सॉफ्टवेअर पुन्हा लिहिलं : मेल ओरडणारी असो की गप, आत या माणसांपैकी कोणाचं नाव आहे का, एवढंच शोधायचं, बाकी काही नाही. नाव सापडलं की वाघर त्याला कळवणार, आणि तो स्वतः त्या माणसाला फोन करणार. दिवसातून दोनदा यादी हातात धरून तो सगळ्या नावांवरून फिरायचा.

पुण्याचा त्याचा एक जुना सहकारी आला होता, तो म्हणाला, "अरे, हे फोन करायचं मशीनला दे. असं केलंस तर धंदा वाढायचा नाही."

"न्हाई वाढनार," लिंबाजी म्हणाला, आणि त्याला चहा पाजून गाडीत बसवलं.

यादीतलं पहिलं नाव शीतल मॅडमचं होतं. दोन वर्षं ते पहिलंच राहिलं. दर शनिवारी तो त्यांना फोन करायचा : "मॅडम, या आठवड्यात न्हाई." त्या म्हणायच्या, "बरं." एवढंच. कधी त्या फोन उचलायच्या नाहीत. मग तो दुपारी परत लावायचा. मी एकदा विचारलं, काहून जखमेवर मीठ चोळतोस? तो म्हणाला, "न्हाई म्हनून सांगायला बी कोनीतरी पायजे."

एका गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमारास, तो जिना उतरून आला तो चपला हातात घेऊन. "मामा, गाडीची चावी."

"फोन कर की."

"फोनवर न्हाई."

संध्याकाळी परत आला. मी विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाला, "मेल वाचली. मंग म्हनाल्या, चार दिवस हातात हायत, आन् वर्गात गेल्या. दुसरीचा पाढ्याचा तास व्हता." या वेळी मॅडम पडताळणीला तासभर आधी पोचल्या, आणि महिन्याभरात ऑर्डर निघाली.

त्या निघाल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. हिंगोलीहून नांदेडची बस आमच्या फाट्यावर दहा मिनिटं थांबते. जाधव सरांनी आधीच कळवलं होतं. लिंबाजी अर्धा तास आधीपासून रस्त्याच्या कडेला, इस्त्रीचा शर्ट घालून. बस आली. दोन ट्रंका टपावर, मॅडम खिडकीशी. त्या खाली उतरल्या नाहीत. लिंबाजी खिडकीखाली जाऊन उभा राहिला. मी दोन पावलं मागं.

"लिंबाजीभाऊ, दोन वर्षं मी तुमच्यावर रागावलेली होते. रोज."

"व्हय, मॅडम."

"आज जातेय म्हणून राग गेला असं समजू नका. मुलगी चौथीत होती, आता सहावी संपली. तेवढं माझं गेलं ते गेलं."

"व्हय."

कंडक्टरनं घंटी मारली. मॅडमनी खिडकीची काच आणखी मागं सारली.

"तिकडच्या शाळेतही मेल फार येतात म्हणे. मी रुजू झाले की तिथल्या सरांना तुमचा नंबर देते. आणि त्यांच्या यादीत काही नावं असतील. नीट लिहून घ्या."

लिंबाजीनं काहीतरी म्हटलं असेल. बसच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही. मी भेटायला आज जातो, उद्या जातो करत दुकानात बसून राहिलो. त्यामुळं माझ्याजवळचा शेवटचा लिंबाजी हाच आहे : बस निघालीय, मागून ट्रकवाला भोंगा वाजवतोय, मी ओरडतोय, "अरे, बाजूला हो, चहा सांगितलाय!" आणि तो भर रस्त्यातच वाकून, मांडीवर वही धरून, गडबडीनं काहीतरी लिहून घेतोय.